भर दुपारी सौर संच बंद का पडतो?

पवनीच्या परिसरात उन्हाला तोटा नाही. 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ साली सुरू झाल्यापासून छतावर ३ किलोवॉटचा संच बसविणे खेड्यातील घरांनाही आवाक्यात वाटू लागले आहे. पण वैनगंगेकाठच्या एखाद्या गावात, विजेच्या तारेच्या टोकाला असलेल्या घरी, असे घडू शकते: आकाश निरभ्र, दुपारचे बारा, आणि संच आपोआप बंद! कर्ज काढून बसविलेल्या संचाची ऐन दुपारची वीज वाया जाते. दोष मात्र संचाचा नसतो. कारण आपण वर्गात शिकवितो त्या ओहमच्या नियमात आहे.

रात्री वीज रोहित्राकडून (गावात आपण त्याला डीपी म्हणतो) घराकडे येते. वाटेत तारेच्या रोधामुळे दाब घटतो. शेवटच्या घराला तो पुरावा म्हणून रोहित्रापाशी दाब २३० व्होल्टपेक्षा थोडा जास्तच ठेवतात. दुपारी संचाची वीज उलट दिशेने जाते. त्यासाठी घरचा दाब रोहित्रापेक्षा जास्त व्हावा लागतो.

किती जास्त? समजा, रोहित्रापाशी २४५ व्होल्ट आहेत. घर अर्धा किलोमीटर दूर असून जाणाऱ्या व परतीच्या तारेचा रोध प्रत्येकी अर्धा, म्हणजे एकूण १ ओहम आहे. संचाची धारा सुमारे १२ अँपिअर. १२ × १ = १२; म्हणून घरी २५७ व्होल्ट! केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार दाब ११० टक्क्यांच्या, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेला की संचाने दोन सेकंदांत अलग व्हायचे असते.

आता शेजारी आणखी दोन संच त्याच फेजवर आले, तर वाढ ३६ व्होल्ट होईल. तेच तीन संच तीन वेगळ्या फेजवर जोडले तर? परतीच्या तारेतील तिन्ही धारा एकमेकींना छेद देतात. उरतो फक्त अर्धा ओहम. वाढ ६ व्होल्ट, दाब २५१. तिन्ही संच चालू राहतात!

जाड तार, टॅप बदलून रोहित्राचा दाब उतरविणे, पाण्याची मोटर किंवा पिठाची गिरणी दुपारी चालविणे, हेही उपाय आहेतच. पण फेजची समान वाटणी सर्वांत स्वस्त.

विद्यार्थ्यांना इन्व्हर्टरच्या पडद्यावरील दाब दिवसभर दर तासाला टिपून आलेख काढायला सांगावे. तारांना हात न लावता ओहमचा नियम त्यांना गावातच भेटेल.