अठरा पूर्ण झाल्यावर

कारध्याच्या पुलाजवळ, वैनगंगेच्या काठी, उद्या एखादं तान्हं मूल सापडलं असं समजा. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना फोन जातो आणि चोवीस तासांच्या आत मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर येतं. दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने आईवडिलांचा शोध चालतो. कोणीच आलं नाही, तर मूल दत्तक देता येतं. धडधाकट तान्ह्याला घर मिळतंच, मागणाऱ्यांची रांगच मोठी आहे. उरतात ती मोठी झालेली, आजारी, दिव्यांग मुलं. ती बालगृहात वाढतात आणि अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं. आपल्या घरातला अठराचा पोरगा अजून पेट्रोलला पैसे मागत असतो.

अठरानंतरच्या दिवसांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात आणि त्याच्या नियमांत अनुरक्षणाची सोय आहे: एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत राहणं, शिक्षण, कामाचं प्रशिक्षण. मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. पण त्याला महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते संस्थेत असतानाच काढून घ्यावं. एकदा बाहेर पडलं की जुन्या नोंदी कोण शोधून देणार?

संस्थेत वाढलेल्या मुलींच्या लग्नाचं काम मात्र कायद्यात मावत नाही. ‘अनाथ पोरीचं कल्याण करतो’ म्हणत येणाऱ्या स्थळाला शहाणी संस्था आधी नकार देते. बाकीच्यांच्या घरी न कळवता जाऊन यायचं. पगाराचा कागद कोणीही दाखवतो; घरात संडास आहे का, शेजारी काय सांगतात, संध्याकाळी मुलाच्या तोंडाला वास येतो का, हे जाऊनच कळतं. मग वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडून चौकशी आणि मुलामुलीची भेट. मुलगी नाही म्हणाली की विषय संपला. झालंच तर लग्नाची नोंदणी त्याच आठवड्यात. पुढे पहिली दिवाळी, बाळंतपण, भांडण, सगळ्याला माहेर म्हणून संस्थाच.

विदर्भात हे माहेरपण पाहायचं तर अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला. शंकरबाबा पापळकरांनी तिथे १२३ बेवारस दिव्यांग मुलं वाढवली, कागदोपत्री वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं, वीसहून अधिक लग्नं लावली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात झालेल्या त्यातल्याच एका लग्नात तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केलं. फोटो त्या दिवसाचे छापून येतात, नंतरच्या वीस वर्षांचे नाहीत. २०२४ मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची एक अंध लेक एमपीएससीची परीक्षा पास झाली. पण सगळ्यांना नोकरी किंवा संसार जमणार नाही, म्हणून दिव्यांग अनाथांना अठराची अट लावूच नका, त्यांना तिथेच राहू द्या, ही बाबांची मागणी कितीतरी वर्षांची आहे.