भिंतींचे आतून उष्णतारोधन : उबेबरोबर ओल नको

काश्मीर खोऱ्यात दरवर्षी २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. खोली उबदार राहावी म्हणून विटांच्या भिंतींना आतून थर्मोकोल किंवा ग्लासवूलचा थर देऊन त्यावर प्लायवूड बसवता येते. मात्र आर्द्रतेचा विचार न करता हे काम केल्यास आच्छादनामागे ओल साठते, बुरशी धरते आणि लाकूड कुजू लागते. हे नुकसान दर्शनी भागात दिसत नसल्याने उशिरा लक्षात येते.

यामागील कारण हवेतील बाष्पात आहे. खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असल्यास सुमारे १२ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होते. बाहेर उणे ५ अंश तापमान असताना नऊ इंची विटांच्या भिंतीची आतील बाजू साधारणपणे १४ अंशांवर राहते. तिला आतून ५० मिलिमीटर थर्मोकोल लावल्यास भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता सुमारे एक चतुर्थांशावर येते. परंतु खोलीची ऊब विटांपर्यंत पोहोचत नसल्याने थर्मोकोलमागील गिलावा शून्य अंशांच्या आसपास थंड होतो. फटींतून शिरलेली दमट हवा तेथे पोहोचताच पाणी साठते.

म्हणून उष्णतारोधक थर देण्यापूर्वी छताची गळती, बाहेरील तडे आणि जोत्यातून चढणारी ओल दूर करून भिंत पूर्ण कोरडी होऊ देणे आवश्यक ठरते. थर भिंतीला घट्ट चिकटलेला असावा. थंड प्रदेशात बाष्परोधक पडदा थराच्या उबदार, म्हणजे खोलीकडील बाजूस लावतात. त्याचे सांधे तसेच विजेच्या बटणांभोवतालच्या फटी बंद करणे महत्त्वाचे असते. खिडक्यांच्या कडा आणि कोपरे मोकळे सोडल्यास ओल नेमकी तेथेच प्रकटते.

घरात निर्माण होणारे बाष्प बाहेर काढणेही तितकेच गरजेचे आहे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने तयार होते. स्वयंपाकघर व स्नानगृहात बाहेर हवा फेकणारा पंखा असावा आणि कपडे बंद खोलीत वाळवू नयेत. फटी बुजवलेल्या खोलीत बुखारी किंवा शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून प्राणहानी होऊ शकते. त्यामुळे धुराडे आणि ताज्या हवेचा मार्ग खुला ठेवणे अनिवार्य आहे.

हीच पद्धत कोकण, मुंबई किंवा गोव्यात जशीच्या तशी वापरणे योग्य नाही. तेथे वातानुकूलित खोलीपेक्षा बाहेरील हवा उष्ण व दमट असते आणि बाष्प बाहेरून आत येते. पावसात भिजलेल्या भिंतीवर आतून प्लास्टिकचा पडदा लावल्यास तिला आतील बाजूने वाळण्यास वाव राहत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तीत थंड हवामानाच्या प्रदेशातील भिंतींतून होणाऱ्या उष्णतावहनावर मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा पाळताना शक्य असेल तेथे उष्णतारोधक थर बाहेरून देणे अधिक सुरक्षित ठरते, कारण त्यामुळे मूळ भिंत उबदार आणि कोरडी राहते.