बाजाराची सावली

 तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडीत असल्याने, उघड्या जागेवर व्यापार करणाऱ्यास सावली ही शोभा नसून भांडवलाचाच एक हिस्सा होय.

लाभ : सावलीने हवेचे तापमान फारसे उतरत नाही, परंतु अंगावर व मालावर थेट पडणारा ताप अडतो, म्हणून गिऱ्हाईक घटकाभर अधिक थांबते, केळीचे घड करपत नाहीत आणि कापडाचा रंग विटत नाही.

दिशा : शहर सुमारे २१.३ उत्तर अक्षांशावर असल्याने मेअखेरीस मध्यान्ही सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. तेव्हा आडवे छत पुरते, मात्र तिसऱ्या प्रहरी तिरपे ऊन आत शिरू लागले की पश्चिमेस कनात सोडल्यावाचून गत्यंतर नसते.

साहित्य : एकेरी पत्रा तापून खाली धग सोडतो, ती त्याखाली पोकळी राखून बांबूची चटई लावल्यास कमी होते, शेडनेटमधून वारा खेळतो, पण पाऊस गळतो, ताडपत्री पाऊस अडविते, परंतु वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगून खांब उपटते, सबब तिला उतार व मजबूत ताण हवेत.

खबरदारी : पालथ्या कढईवर मांडे भाजले जातात तेथे छताइतकीच निकड धूर वर जाण्याच्या वाटेची असते, आणि ताडपत्री भट्टीपासून दूरच राखावी.