हसू कुणाचे, कुणावर?

दादा कोंडके यांचा पिक्चर 'फालतू' असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. गोष्ट विस्कळीत, विनोद कमरेखालचा, गाणी कुठेही घुसडलेली. तरी तो लागला की आम्ही उठत नाही! कार्यकर्त्याने असे बोलू नये, असा संकेत आहे. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या पिढीने हे पिक्चर चोरून पाहिले नाहीत. वर्गणी करून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने यायचा, वस्तीत सतरंज्या पडायच्या, रात्रीच्या तीन पिक्चरमध्ये एक दादांचा ठरलेला. कॅसेट घासून चित्राला पट्टे पडलेले, तरी म्हातारीकोतारी पोट धरून हसायची.

शहरी पांढरपेशांनी आता नवी टूम काढली आहे. म्हणे, 'इतका वाईट की मजा येते'! कांती शहांचा 'गुंडा' (१९९८) ते असाच खिदळत पाहतात. ते हसणे माडीवरून खाली पाहणाऱ्याचे आहे. आमच्या माणसांनी 'सोंगाड्या' (१९७१) पाहिला तो भोळ्या नाम्याच्या बाजूने. लोंबत्या नाडीची चड्डी आणि गावंढळ बोली घेऊन असा माणूस नायक होतो, हेच प्रस्थापितांना खुपले. तमाशातला सोंगाड्या तरी काय करीत होता? राजाला आणि पाटलाला उलटे प्रश्न विचारीत होता, आणि ही कला महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवली.

राहिला अश्लीलतेचा आरोप. वकील म्हणून आम्हाला त्याची गंमत वाटते. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) या नावातला कोणता शब्द सेन्सॉरने कापायचा? घाण अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात! सर्वोच्च न्यायालयाने उदेशी खटल्यात (१९६४) इंग्रजांची जुनी हिक्लिन कसोटी मान्य केली होती. अवीक सरकार प्रकरणात (२०१४) ती सोडून समकालीन समाजाच्या दृष्टीची कसोटी आली. पण कोणत्या समाजाच्या? सदाशिव पेठेच्या, की आमच्या वस्तीच्या?

मात्र इथेच आमचेही हसू अडखळते. महाडच्या लढ्याच्या काळात ब्राह्मण शाहीर पठ्ठे बापूराव तमाशाच्या कमाईतून मदत देऊ करीत होते. बाबासाहेबांनी ती नाकारली. आमच्या बायांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. प्रा. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथात हाच धागा उलगडला आहे. 'अश्लील' हा शिक्का जातीने दलित स्त्रीच्या अंगावर मारला. तिला नाचवणारे आणि पाहणारे मात्र सोवळेच राहिले.

म्हणून 'पांडू हवालदार' (१९७५) मधली खाकी वर्दीची टिंगल आम्ही आजही घरात सर्वांसमोर लावतो. दादांच्या पुढच्या काही पिक्चरमध्ये विनोद नायिकेच्या अंगावरच घसरत राहतो. तिथे मुली उठून आत जातात, आणि रिमोट आम्हालाच उचलावा लागतो.