शालेय मुलांमधील तीव्र अन्न-असात्म्य : वैद्य व औषधालयांचे कर्तव्य

दाण्याचे कूट न घातलेली भाजी आपल्या जालना जिल्ह्यात शोधावीच लागते. मुलांच्या डब्यात शेंगदाणा असतो, पोषण आहारात सोयाबीन असते, संक्रांतीला वर्गावर्गांतून तिळगूळ वाटला जातो. बहुतेक मुलांना हे सारे मानवते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत दक्षिण भारतातील 6 ते 14 वर्षांच्या मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण अवघे 0.14 टक्के आढळले. म्हणजे हजारात एखाद-दुसरे मूल. मात्र या विरळपणामुळेच शिक्षक व पालक गाफील राहतात आणि प्रसंग ओढवला की मूल प्रथम गावातील वैद्याकडेच आणले जाते.

अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, की आपल्याला शीतपित्त, उदर्द, कोठ आठवतात. ते योग्यच आहे. जुनाट शीतपित्तात हरिद्राखंडाचा गुण आपण सर्वांनी अनुभवला आहे. परंतु खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधींसोबत आवाज बसणे, घुरघुर, धाप, वारंवार उलटी, चेहरा पांढरा पडणे वा मूल मलूल होणे यांपैकी काही दिसले, तर ते शीतपित्त समजू नये. हा ‘ॲनाफिलॅक्सिस’ होय. क्वचित त्वचेवर काहीच दिसत नाही, हेही ध्यानी असावे. अशा वेळी तोंडावाटे चूर्ण, वटी, काढा वा पाणीही देऊ नये. घसा सुजलेला असतो.

येथे पहिले औषध एकच, ॲड्रिनॅलिन. ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. एक मि.लि.च्या 1:1000 ॲम्प्युलमध्ये 1 मि.ग्रॅ. औषध असते. मात्रा दर किलो वजनास 0.01 मि.ग्रॅ., म्हणजे 20 किलोच्या मुलास 0.2 मि.लि.; लहान मुलांत 0.3 मि.ग्रॅ. ही कमाल. मांडीच्या मध्यभागी बाहेरील बाजूस, स्नायूत द्यावे, शिरेतून नव्हे. सुधारणा नसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. मुलास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असल्यास बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. त्याच वेळी 108 ला कळवावे. बरे वाटले तरी रुग्णालयात पाठवावेच, कारण काही तासांनी लक्षणे उलटू शकतात.

अन्नजन्य प्रकारात प्राणावर बेतण्यास बहुधा अर्धा तासच लागतो. मंठ्याहून जालन्याचे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. ज्यांना कायद्याने अधिकार व प्रशिक्षण आहे, त्या वैद्यांनी ही ॲम्प्युल आणि एक मि.लि.ची सिरिंज टेबलाच्या खणात ठेवावी, मुदत तपासत राहावी. ज्यांना ते नाही, त्यांनी जवळचे असे ठिकाण आजच ठरवून शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. मुलाचे वजन, असात्म्य पदार्थ व पालकांचा दूरध्वनी वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात असला, तर किती वेळ वाचतो!

औषधालयांच्या मालकांसही एक सांगणे आहे. आपल्या वेष्टनावर घटकांची यादी असते खरी. पण ‘वाताद’ म्हणजे बदाम आणि ‘तिल तैल’ म्हणजे तिळाचे तेल, हे घाईतील आईला कसे उमगावे? च्यवनप्राशातही परंपरेने तूप व तिळाचे तेल असते. काउंटरवरून बालकासाठी अवलेह वा पाक देताना ‘बाळाला काय खपत नाही?’ एवढे विचारावे, आणि दूध चालत नसेल तर दुधाचे अनुपान सुचवू नये.