अन्नाचे वावडे आणि औषधाचे अर्थकारण

‘मला कोळंबी चालत नाही’ असे पंक्तीत कोणी म्हटले, की आपल्याकडे त्याची गणना चोखंदळांत तरी होते, नाहीतर नाजूक प्रकृतीच्या माणसांत. काही वर्षांपूर्वी महाडात माझ्या एका विद्यार्थ्याने मित्रांच्या आग्रहाखातर सोड्यांच्या भाताचे चार घास घेतले. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छाती घरघरू लागली. तो वाचला, कारण दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. हाच मुलगा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीत असता तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

अन्नाचे वावडे म्हणजे शरीराच्या रक्षकाने पाहुण्याला चोर समजणे. निरुपद्रवी प्रथिनावर रोगप्रतिकारक यंत्रणा तुटून पडते आणि तिच्या त्या आवेशातच जीव धोक्यात येतो. या रक्षकाला पाहुण्याची ओळख पटवून देण्याचा एक नवा मार्ग पाश्चात्य वैद्यकाने शोधला आहे. शेंगदाण्याच्या प्रथिनाचा अवघा २५० मायक्रोग्रॅम अंश, म्हणजे एका दाण्याचा सुमारे हजारावा भाग, लावलेली छोटी पट्टी मुलाच्या पाठीवर रोज चिकटवायची. त्वचेतील विशिष्ट पेशी तो अंश टिपतात आणि प्रतिकारयंत्रणेला हळूहळू सहनशीलता शिकवतात. एक ते तीन वर्षांच्या ३६२ मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर खरी पट्टी लावलेल्यांपैकी ६७ टक्के मुलांची सहनशक्ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढली; निर्गुण पट्टी लावलेल्यांत हे प्रमाण ३३.५ टक्के होते. वावडे यामुळे समूळ जात नाही. चुकून पोटात गेलेल्या कणाने प्राणावर बेतू नये, एवढेच साधते. पण ज्या आईबापांनी तो प्रसंग पाहिला आहे, त्यांना हे ‘एवढेच’ थोडे वाटणार नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र येथे एक जुनी व्याख्या आठवते. गरज म्हणजे मागणी नव्हे. जिच्यामागे क्रयशक्ती उभी आहे, तीच मागणी. औषधाचे संशोधन कोठे व्हावे हे बहुधा रोग कोठे आहे यावरून ठरत नाही, तर किंमत मोजणारा ग्राहक कोठे आहे यावरून ठरते. शेंगदाण्याच्या पट्टीवर वर्षानुवर्षे भांडवल गुंतले, ते युरोप-अमेरिकेतील ग्राहकाच्या भरवशावर. त्यात पाप काहीच नाही. पण सोड्यांच्या भाताने घुसमटणारा मुलगा त्या हिशेबात कोठेच बसत नाही.

मग ज्यांच्यामागे क्रयशक्ती नाही, त्यांनी काय करावे? याचे उत्तर महाड परिसरानेच एकदा दिले आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत. विषामुळे शरीरातच ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय कोलमडते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून ताडले. प्रॅझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे ३० टक्क्यांच्या घरातील प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांवर आले. नवे औषध निर्माण झाले नव्हते. असलेले औषध योग्य वेळी, योग्य माणसाच्या हाती पडले होते.

योगायोग असा, की विंचूदंशात ज्याचा पूर घातक ठरतो, तेच ॲड्रेनलिन वावड्याच्या तीव्र झटक्यात तारक ठरते. हे औषध शंभराहून अधिक वर्षांचे जुने आणि स्वस्त आहे. मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेली एक सुई बहुधा पुरते. मात्र येथे किंमत रुपयांत नव्हे, तर मिनिटांत मोजावी लागते. जुलै २०२१ च्या महापुरात आणि दरडींत या भागातील रस्ते कसे तुटले, हे आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात रुग्णाने औषधाकडे जावे ही अपेक्षाच व्यर्थ आहे. औषधानेच उपकेंद्रापर्यंत आले पाहिजे आणि ते निःशंकपणे देणारा प्रशिक्षित हातही तेथे असला पाहिजे. शाळेत पोषण आहार वाढणाऱ्यांना व शिक्षकांनाही ओठांची सूज, गांधी आणि घरघर यांचा एकत्रित अर्थ सांगायला हवा. हा खर्च अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही, इतका किरकोळ आहे.

त्वचेवरची पट्टी उद्या आपल्याकडे आली, तर तिचे स्वागतच करावे. पण तिची वाट पाहत बसणे हे धोरण नव्हे. पुढच्या वेळी पंक्तीत कोणी ‘मला चालत नाही’ म्हणाला, तर त्याला आग्रह करू नये. या सुधारणेला तर एक पैसाही लागत नाही.