स्थानक दारी, बाजार चहूकडे

रेल्वेस्थानक आणि बाजारपेठ यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. दादर स्थानकाबाहेर पडणारा प्रवासी भाजी, फुले घेऊनच घराकडे वळतो. दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारने हे नाते मेट्रोच्या रूपाने अनुभवले आणि त्याची दुसरी बाजूही पाहिली.

नोव्हेंबर २००९ मध्ये मेट्रोची निळी मार्गिका यमुना बँक स्थानकापासून नोएडापर्यंत सुरू झाली. त्यासोबत मयूर विहार-१ आणि मयूर विहार एक्स्टेन्शन ही स्थानके आली. एक्स्टेन्शन स्थानकालगत स्टार सिटी मॉल आहे. दारातच स्थानक म्हणजे आयते गिऱ्हाईक, असा व्यापाऱ्याचा स्वाभाविक हिशेब असतो.

परंतु जी गाडी ग्राहकाला आणते, तीच त्याला घेऊनही जाते. येथून नोएडाच्या दिशेने चौथे स्थानक सेक्टर १८ चे. तेथे अट्टा बाजार आणि भव्य मॉल आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये गुलाबी मार्गिका मयूर विहारला पोहोचली आणि लाजपतनगर, दिल्ली हाट, सरोजिनीनगर येथील बाजार गाडी न बदलता गाठता येऊ लागले. निवड वाढली ती ग्राहकाची. दुकानदाराची मात्र स्पर्धा वाढली.

या सोयीचे मोलही कोणीतरी चुकते केले. त्रिलोकपुरीत काही घरे मार्गाच्या आड येत होती. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटेपर्यंत गुलाबी मार्गिका दोन तुकड्यांत धावत राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये दुवा जोडला गेला, तेव्हा कुठे मयूर विहारहून याच मार्गिकेने थेट आनंद विहारच्या बस व रेल्वे स्थानकांकडे जाता येऊ लागले. प्रकल्पाच्या जमाखर्चात रूळ आणि खांब यांच्याबरोबर अशा घरांचीही नोंद ठेवावी लागते, हाच याचा अर्थ.

व्यावसायिकांनी आणि त्यांचे कर्जप्रस्ताव तपासणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावा. ‘दुकान स्थानकासमोर आहे’ ही जमेची बाजू खरी. परंतु त्याच स्थानकातून ग्राहक आणखी किती बाजार गाठू शकतो, हेही पाहणे अगत्याचे आहे. स्थानक ग्राहकाला दारापर्यंत आणून सोडते. त्याला पुन्हा यावेसे वाटेल असा माल, वाजवी भाव आणि आपुलकीची सेवा देणे हे काम दुकानदाराचेच.